बुद्धिबळातला एंडगेम: नागपूरच्या खेळाडूंचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न क्लासमध्ये, स्पर्धेच्या हॉलबाहेर चहा घेताना आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले गेलेले आहेत. उत्तरं साधारण १४०० ते १८०० रेटिंगच्या, किंवा अजून रेटिंग न मिळालेल्या खेळाडूंना समोर धरून दिली आहेत. घरांची नावं नेहमीच्याच पद्धतीने: पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच या पट्ट्या आणि खालून वर १ ते ८ ओळी. पट मांडून वाचा. नुसतं वाचून यातलं निम्मंही डोक्यात राहणार नाही.

एंडगेम नेमका कुठून सुरू झाला म्हणायचं?

एंडगेम म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, पण तो इथून सुरू अशी काही रेघ नाही. राजाला लपून बसण्यापेक्षा पटाच्या मध्यात येण्यात फायदा दिसायला लागला की एंडगेम सुरू झाला समजा. बहुतेक वेळा तोवर वजीर पटावरून गेलेले असतात, पण नेहमीच नाही.

सर, आमचं पोट्टं सिसिलियन ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा चाली पाठ करून राहिलं आहे. एंडगेमला वेळ कुठून आणायचा?

त्या पंधरा चालींतूनच. दीड हजाराच्या आसपास समोरचा खेळाडू सहाव्या-सातव्या चालीलाच पुस्तकाबाहेर जातो आणि पाठ केलेल्या उरलेल्या चाली तशाच पडून राहतात. राजा-प्याद्याचा एंडगेम मात्र पांढऱ्याने खेळा, काळ्याने खेळा, कुठल्याही ओपनिंगमधून या, तोच असतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एंडगेम येणं म्हणजे फक्त शेवटच्या चाली येणं नाही. कुठली मारामारी (मोहऱ्यांची अदलाबदल) करायची आणि कुठली टाळायची, हे ठरवता येणं म्हणजे एंडगेम येणं. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला जगज्जेतेपदाचा चौदावा डाव झाला. डिंग लिरेन पांढऱ्याने खेळत होता. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट होता आणि डाव बरोबरीत राखता येण्यासारखा होता. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची मारामारी देऊ केली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी५ वर आणून त्या कोपऱ्यातल्या उंटासमोर उभा केला, मारामारी टाळायला डिंगला जागाच उरली नाही. राहिले राजे आणि प्यादी. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला आणि १८ वर्षांचा गुकेश १८वा जगज्जेता झाला.

आपल्या मुलांच्या डावांत हे प्रत्येक स्पर्धेत घडतं, फक्त टीव्हीवर येत नाही. ‘एक मोहरा जास्त आहे ना, मग मारामारी करत जा’ एवढंच मुलाला सांगितलेलं असतं. शेवटची मारामारी झाल्यावर प्यादी मोजायची की राजे कुठे उभे आहेत ते बघायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

अगदी पहिल्यांदा काय शिकवायचं?

एका वजिराची मात आणि एका हत्तीची मात. दोन हत्तींनी शिडी चढत दिलेली मात सगळ्यांना येते, तिच्यावर थांबू नका. अचूक खेळलं तर वजिराची मात कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त १० चालींत होते आणि हत्तीची १६ चालींत. मुलाने अचूक खेळावं अशी अपेक्षा नाही, पण घड्याळात दोन मिनिटं लावून मोहरे कुठेही मांडले तरी मात व्हायला हवी. वजिराच्या बाबतीत एकच धोका: घाईत समोरच्या राजाला एकही घर न ठेवणं आणि शहही न देणं, म्हणजे डाव बरोबरीत. स्टेलमेट. म्हणून वजिराने राजाला कडेच्या ओळीत कोंडलं की हात मांडीखाली ठेवायचा, आपला राजा जवळ आणायचा आणि मगच पुढचं बघायचं.

राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा. एवढ्याशा गोष्टीवर एवढा वेळ का घालवायचा?

कारण बाकी सगळे एंडगेम शेवटी इथेच येऊन थांबतात. ही एक स्थिती नीट आली नाही तर हत्तींची मारामारी करावी की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मांडा: पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. आता प्रश्न एकच, चाल कुणाची? पांढऱ्याची असेल तर बरोबरी. काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि ज्याला हलावं लागतं त्याने वाट सोडली. यालाच ऑपोझिशन म्हणतात. काळ्याने राजा डी७ ला नेला तर पांढरा एफ६ ला जातो. काळा ई८ ला आला की पांढरा ई६ ला येऊन पुन्हा समोर उभा राहतो. काळा डी८, पांढरा एफ७, आणि आता प्यादं आरामात चालत जातं.

आता तेच प्यादं ई४ ऐवजी ई३ ला ठेवा आणि चाल पांढऱ्याला द्या. पांढरा प्यादं ई४ ला ढकलतो आणि वरचीच स्थिती येते, पण चाल काळ्याची. हातात राखून ठेवलेली ही एक चाल म्हणजे एक अख्खा गुण. म्हणून क्लासमध्ये घसा बसेपर्यंत सांगावं लागतं: आधी राजा पुढे, प्यादं मागून. मुलांचा हात नेमका उलटा चालतो. प्यादं ढकलायला मजा येते आणि राजा मागे राहतो.

बचाव करणाऱ्याची बाजूही तितक्याच वेळा खेळवा. पांढरा राजा डी५, प्यादं ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची. तीन घरं डोळ्यांसमोर आहेत: डी८, ई८, एफ८. यातलं एकच बरोबर आहे. ई८. म्हणजे सरळ मागे, प्याद्याच्या समोर. मग पांढरा डी६, काळा डी८, प्यादं ई७ शह, काळा ई८, आणि आता पांढऱ्याने ई६ ला येऊन प्यादं वाचवलं तर स्टेलमेट, सोडलं तर प्यादं गेलं. काळा पहिल्याच चालीला डी८ किंवा एफ८ ला गेला असता तर पांढरा डी६ ला येतो, काळा ई८, प्यादं ई७, काळा एफ७, पांढरा डी७, संपलं.

यातून दोनच गोष्टी पाठ करण्यासारख्या आहेत. राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला असेल तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. आणि हा नियम कडेच्या, म्हणजे ए आणि एच पट्टीच्या प्याद्याला लागू नाही. तिथे काळा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी.

प्यादं एकटंच पळतंय. राजा पोचेल की नाही, हे मोजताना दरवेळी चुकतं.

मोजूच नका. प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत जितकी घरं, तितक्याच रुंदीचा चौकोन राजाच्या बाजूला मनात आखा. आपल्या चालीला राजा त्या चौकोनात शिरू शकला तर प्यादं पकडलं जातं. प्यादं अजून मूळ जागी असेल तर ते एक घर पुढे आहे असं धरा, कारण पहिली चाल दोन घरांची असू शकते.

हे जमल्यावर मुलाला रिचर्ड रेटीची १९२१ सालची रचना दाखवा. पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. चाल पांढऱ्याची आणि बरोबरी साधायची आहे. काळं प्यादं पकडायला पांढरा राजा दोन चाली मागे आहे आणि स्वतःच्या प्याद्यापासूनही लांब. तरी तो जी७, एफ६, ई५ असा तिरपा खाली उतरतो. त्या तिरप्या वाटेवर प्रत्येक पाऊल दोन्हीकडे जवळ नेतं. काळ्याने सी६ चं प्यादं मारायला वेळ घेतला तर राजा एफ४ ला येऊन चौकोनात शिरतो. काळा प्यादंच ढकलत राहिला तर राजा डी६ ला येतो आणि पांढऱ्याचंही प्यादं वजीर होतं. सात-आठ वर्षांची पोट्टीसुद्धा हे बघून हसतात. उत्तर लगेच सांगू नका, दोन दिवस घोळू द्या.

माझा वजीर झाला, समोरच्याचं प्यादं सातव्या ओळीवर. तरी ड्रॉ झाला. हे कसं?

प्यादं कुठल्या पट्टीवर होतं ते आठवा. बी, डी, ई, जी या पट्ट्यांवर असेल तर वजीर शह देत-देत जवळ येतो, समोरच्या राजाला प्याद्याच्या पुढ्यातलं घर घ्यायला भाग पाडतो, आणि तेवढ्या एका चालीत आपला राजा एक पाऊल पुढे टाकतो. असं चार-पाचदा केलं की जिंकलं. ए आणि एच पट्टीवर तो राजा कोपऱ्यात शिरतो आणि आपण राजा जवळ आणायला गेलो की स्टेलमेट. सी आणि एफ पट्टीवर तो प्यादं सोडून कोपऱ्यात जातो आणि आपण ते मारलं की तिथेही स्टेलमेट. आपला राजा आधीच जवळ असेल तर या चार पट्ट्यांवरही जिंकता येतं. त्यामुळे शर्यतीत प्यादं ढकलण्याआधी बघायचं: समोरचं प्यादं कुठल्या पट्टीवर उरणार आहे?

हत्तीचे एंडगेम फार येतात आणि फार हरतो. कुठून धरायचं?

सर्वांत जास्त येतात हे खरं आहे, कारण हत्ती सगळ्यांत शेवटी बाहेर पडतात आणि शेवटपर्यंत उरतात. मोठ्यांनाही ते सोपे नाहीत. २०१३ मध्ये चेन्नईत आनंदने जगज्जेतेपदाच्या लढतीतला कार्लसनविरुद्धचा सहावा डाव हत्ती-प्याद्यांच्या एंडगेममध्येच गमावला.

सुरुवातीला दोनच स्थिती. एक जिंकण्याची, एक वाचण्याची. या दोन हातात बसल्या की बाकीच्या स्थितीत ‘मला कुठे पोचायचं आहे’ हे कळायला लागतं.

जिंकण्याची स्थिती लुसेनाच्या नावाने ओळखली जाते. मांडा: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१, काळा राजा ई७, हत्ती एच२. पांढऱ्याचा राजा आपल्याच प्याद्यापुढे अडकला आहे. आधी हत्ती ई१ वर शह. काळा राजा डी७ ला जातो. (एफ६ ला गेला तर पांढरा राजा एफ८ ला येतो आणि प्यादं वजीर होतं.) आता मुलं हमखास राजा एफ७ ला बाहेर काढतात, मग काळा हत्ती शहांवर शह देतो आणि राजा पटभर फिरत राहतो. त्याआधी एक शांत चाल हवी: हत्ती ई४. चौथी ओळ. काळा वाट बघतो, समजा हत्ती एच१. आता राजा एफ७, शह. राजा जी६, शह. राजा एफ६, शह. राजा जी५, शह. आणि हत्ती जी४ वर मध्ये येतो. शह संपले. यालाच पूल बांधणं म्हणतात. ही स्थिती क्लासमध्ये एकदा दाखवली की मुलं माना हलवतात. महिनाभराने न सांगता मांडा, निम्म्यांना चौथी ओळ आठवत नाही. म्हणून दाखवून भागत नाही, खेळवावी लागते, आणि दरवेळी प्यादं वेगळ्या पट्टीवर ठेवून.

वाचण्याची स्थिती फिलिडोरची. काळा राजा ई८, हत्ती बी६. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७. काळा हत्ती सहाव्या ओळीवर पहारा देतो, म्हणजे पांढरा राजा पुढे येऊ शकत नाही. काळ्याने तिथेच डावी-उजवीकडे करत बसायचं. पांढऱ्याने कंटाळून प्यादं ई६ ला ढकललं की त्याच क्षणी हत्ती बी१ ला, पार खाली, आणि मागून शह. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आता प्याद्याच्या पुढ्यात लपायला घर उरलेलं नाही. इथे चूक दोन प्रकारची होते: हत्ती फार लवकर खाली नेणं, किंवा प्यादं ढकलल्यावरही तिथेच बसून राहणं.

त्यापलीकडे एक साधी सवय: पुढे निघालेल्या प्याद्याच्या मागे हत्ती ठेवा, प्यादं आपलं असो की त्याचं. प्यादं पुढे सरकतं तसतसा मागच्या हत्तीला जास्त घरं मिळतात आणि पुढच्या हत्तीची कमी होतात. आणि आळशी हत्ती ठेवू नका. एक प्यादं वाचवायला हत्ती बांधून ठेवण्यापेक्षा ते प्यादं देऊन हत्ती मोकळा केलेला बरा, असं निदान निम्म्या डावांत तरी निघतं.

माझ्याकडे एक उंट आणि एक प्यादं जास्त होतं. आर्बिटर (पंच) म्हणाले ड्रॉ आहे. असं कसं?

आर्बिटर असं स्वतःहून म्हणत नाहीत, समोरचा राजा कोपऱ्यातून हलत नसेल म्हणून तुम्हीच शेवटी ड्रॉ घेतला असेल. कडेचं प्यादं असेल तर ते जिथे वजीर होणार त्या घराच्या रंगाचाच उंट लागतो. पांढऱ्याच्या ए पट्टीच्या प्याद्याला ए८, म्हणजे पांढऱ्या घराचा उंट. एच पट्टीच्या प्याद्याला एच८, म्हणजे काळ्या घराचा. उलट्या रंगाचा असेल तर समोरचा राजा कोपऱ्यात पोचला की काही करता येत नाही. हे माहीत असलं की कुठलं प्यादं ठेवायचं आणि कुठला उंट मारू द्यायचा हे पंधरा चाली आधीच ठरवता येतं. दोघांकडे वेगवेगळ्या रंगाचे उंट असतील तर एक-दोन प्यादी जास्त असूनही अनेकदा बरोबरीच होते. हरत असाल तर तिकडे वळा.

उंट आणि घोडा मिळून मात शिकायची का?

१८०० पर्यंत नाही, असं माझं मत आहे. ती डावात क्वचित येते आणि शिकायला आठवडे जातात. मात उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच होते, राजाला चुकीच्या कोपऱ्यातून बरोबर कोपऱ्यात हाकलावं लागतं आणि अचूक खेळूनही ३३ चालींपर्यंत लागू शकतात. २०१३ मध्ये जिनिव्हाला त्या वेळची महिला जगज्जेती अ‍ॅना उशेनिना हिला ही मात साधली नाही आणि डाव बरोबरीत गेला. काही सर मुलांना ही मात शिकवून पालकांसमोर करून दाखवतात. दिसायला झकास दिसतं. त्याच मुलाला फिलिडोर येत नसतो.

रोज किती वेळ द्यायचा?

शाळेच्या दिवसांत वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. एका दिवसाला एकच स्थिती. आधी एका बाजूने खेळायची, मग पट फिरवून दुसऱ्या बाजूने. समोर भाऊ, बहीण, बाबा, कुणीही चालेल, त्यांनी फक्त हट्टाने बचाव करायचा. माणूस नसेल तर मोबाइलवरच्या इंजिनविरुद्ध, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामविरुद्ध, खेळा, पण मोहरे खऱ्या पटावर हलवा.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा. एप्रिल-मेमध्ये नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते, पारा ४५ च्या पुढे, कूलरसमोर बसण्यावाचून इलाज नाही. तोच एंडगेमचा हंगाम. मुलाचे गेल्या वर्षभरातले हरलेले आणि ड्रॉ झालेले डाव काढा. ज्या चालीनंतर वजीर गेले ती स्थिती पटावर मांडा आणि तिथून पुन्हा खेळा. दुसऱ्याच्या पुस्तकातल्या शंभर स्थितींपेक्षा स्वतःच्या डावातल्या दहा जास्त चिकटतात, कारण त्या गमावलेल्या गुणाच्या पोटदुखीसह आठवतात.

पुणे-मुंबईच्या स्पर्धांना जाताना रात्रीच्या गाडीत मॅग्नेटिक पट सोबत ठेवा. ओपनिंगची उजळणी तिथे होत नाही, पाच मोहऱ्यांचा एंडगेम मात्र बर्थवर आरामात होतो.

अ‍ॅपवर एंडगेमचे पझल रोज पन्नास सोडवतो. पुरेसं नाही का?

पझलमध्ये एक गोष्ट आधीच सांगितलेली असते: इथे काहीतरी आहे. डावात ते कुणी सांगत नाही. शिवाय पझल जिंकणारी चाल सापडली की संपतं, आणि एंडगेमचं खरं काम त्यानंतरच्या वीस चालींत असतं. पझल सोडवा, त्याने नजर तयार होते, पण पन्नासऐवजी दहा सोडवा आणि त्यातलं एक मात होईपर्यंत पटावर खेळून काढा.

इंजिन आणि टेबलबेस यांचा उपयोग कसा करायचा?

दोघांत फरक आहे. इंजिन अंदाज बांधतं, टेबलबेसला उत्तर माहीतच असतं. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थितींची उत्तरं काढून ठेवलेली आहेत. लिचेस या वेबसाइटवर ती फुकट बघता येतात. सात मोहऱ्यांची अशी एक स्थिती सापडली आहे की दोघांनी अचूक खेळलं तर मात व्हायला ५४९ चाली लागतात. ती बघून माणसाला काही शिकता येत नाही, पण मजा आहे.

वापरायची पद्धत एकच पाळा. आधी स्थितीचा निकाल स्वतः लिहा: जिंकतो, हरतो, की बरोबरी, आणि का. मग टेबलबेस उघडा. तो दहा चाली जिंकणाऱ्या दाखवेल आणि त्याच्या हिशोबाने सगळ्यांत जलद असलेली वर ठेवेल. ती चाल बहुतेक वेळा माणसाच्या कामाची नसते. दहांपैकी ज्या चालीचं कारण तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं, ती तुमची चाल.

समोरच्याने ड्रॉ देऊ केला. मुलाने घ्यावा का?

घड्याळात वेळ असेल आणि हरण्याचा धोका नसेल तर मुलाने खेळावं. बरोबरीचा एंडगेम दोन तास खेळून ड्रॉ झाला, तरी क्लासच्या महिनाभरापेक्षा जास्त शिकून होतं. पालकांनी पॉइंट टेबल बघून आधीच ‘शेवटच्या राऊंडला ड्रॉ चालेल’ असं कानात सांगू नये. मुलं मग पहिल्या चालीपासून ड्रॉच शोधतात.

स्पर्धेत एंडगेमला कुठले नियम अडतात?

हे प्रत्येक मुलाला तोंडी यायला हवेत, कारण घड्याळ चालू असताना विचारायला वेळ नसतो.

सलग ५० चालींत, म्हणजे दोघांच्या ५०-५०, एकही प्यादं हललं नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही तर ड्रॉचा दावा करता येतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, तरीही. पण दावा आपण करायचा असतो. आर्बिटर आपणहून डाव थांबवतात तो ७५ चालींनंतर किंवा पाचव्यांदा तीच स्थिती आल्यावर. आपल्या चालीने स्थिती पुन्हा येणार असेल तर चाल खेळायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला बोलवायचं. आधी खेळून मग ओरडलं तर दावा गेला. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात.

दर चालीला ३० सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, घड्याळात एक मिनिट उरलं असलं तरी.

तुमची वेळ संपली आणि समोर नुसता राजा असेल तर ड्रॉ. त्याच्याकडे एक प्यादं जरी असेल तर तुमच्याकडे वजीर असूनही तुम्ही हरलात.

आणि प्यादं वजीर होताना: दुसरा वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून आर्बिटरकडे मागा. हत्ती उलटा ठेवून ‘वजीर’ म्हणणं घरी चालतं. स्पर्धेत उलटा हत्ती म्हणजे हत्तीच.

आजोबा म्हणतात, प्यादं ज्या पट्टीवर पोचलं त्याच पट्टीचा मोहरा होतो. ते चुकीचं शिकवताहेत का?

आजोबा चुकीचं नाही, जुन्या देशी पद्धतीने शिकवताहेत. त्या पद्धतीत घोड्याच्या पट्टीवर पोचलेलं प्यादं घोडा होतं, आणि प्यादं पहिल्या चालीला एकच घर चालतं. प्याद्याने दिलेली मात तिथे मानाची. मुलाला दोन्ही खेळू द्या, फक्त ‘हा आजोबांचा, हा स्पर्धेचा’ एवढं स्पष्ट असू द्या. कुठलं प्यादं कुठे न्यायचं याचा विचार देशी डावात जास्त करावा लागतो, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

एंडगेमसाठी नागपूर सोडून मोठ्या शहरात क्लास लावावा लागेल का?

रौनक साधवानी २०१९ मध्ये १३व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये, आणि दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हम्पीला रॅपिड टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टरही झाली. तिघंही नागपूरचे. तो निर्णायक डावही एंडगेमपर्यंत गेला, आणि जिंकल्यावर दिव्याने स्वतःच सांगितलं की आपल्याला एंडगेम अजून शिकायला हवेत. विश्वचषक हातात असताना ती असं म्हणते, आणि आपल्याकडे १४५० रेटिंगचा मुलगा सांगतो, ‘सर, एंडगेम झाला माझा’.

क्लास निवडताना एकच विचारा: तुम्ही मुलाचे हरलेले डाव बघता का? हो म्हणाले तर धरमपेठ की महाल की मनीषनगर, काही फरक पडत नाही. ऑनलाइनही चालेल.

वय पंचावन्न. आता शिकून काय होणार?

ओपनिंगची पाठांतरं या वयात जड जातात, एंडगेम नाही. तो समजून घ्यायचा विषय आहे. खुल्या स्पर्धेत बारा वर्षांच्या पोट्ट्याला हरवायची सर्वांत चांगली संधी वजीर गेल्यावरच मिळते, तोवर टिकायचं. फक्त घड्याळात वेळ ठेवा, त्याचा हात तुमच्यापेक्षा वेगाने चालतो.

सरावाला पट कोणता घ्यायचा?

गुंडाळायचा रेग्झिनचा पट आणि वजनदार प्लास्टिकचे मोहरे. स्पर्धेत हेच असतात आणि बर्डीवर खेळाच्या दुकानांत मिळतात. लाकडी कोरीव सेट शोकेससाठी ठीक, त्यातला उंट आणि प्यादं घाईत ओळखू येत नाहीत. घेताना डबीत दोन जादा वजीर आहेत का ते उघडून बघा.